राजदीप सरदेसाई, रात्री नऊ वाजता : पंचवीसहून जास्त वर्षांच्या गिऱ्हाइकाचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू टीव्हीचा नाही, सेटटॉप बॉक्सचाही नाही, एका माणसाचा आहे, इंग्लिश न्यूजवाल्या राजदीप सरदेसाईचा. माणसाचा रिव्ह्यू करतात का असं कोणी विचारेल, तर बाबा रे, आपण डॉक्टरचा करतो, रिक्षावाल्याचा करतो, पोळीभाजी केंद्रातल्या मावशींचा पण करतो, मग जो माणूस १९९८ पासून रात्री आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये येऊन दिल्लीत काय शिजतंय ते सांगतो त्याचा का नको.

झालं असं की गेल्या महिन्यात केबलचं रिचार्ज करायला बसलो. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचा (टीव्ही-फोनवाल्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) तो नवा नियम आला ना, १३० रुपये अधिक टॅक्स मूळ भाडं आणि त्याच्यावर पैसेवाले चॅनल आपले आपण निवडायचे, तेव्हापासून दर काही महिन्यांनी आमच्याकडे छाटणी असते आणि दर वेळी पहिली कुऱ्हाड इंग्लिश न्यूजवर पडते. बायको म्हणाली, "तू बघतोस कुठे, नुसता टीव्हीवर ओरडतोस." मुलगा म्हणाला, "बाबा, यूट्यूबवर फुकट लाइव्ह असतं." दोघांचंही बरोबर आहे. पण मी रिमोट हातात धरून जरा विचार केला की आपण इतकी वर्षं नक्की बघतोय काय, आणि लक्षात आलं की चॅनल असा मी कधी बघितलाच नाही, मी राजदीप बघितला. स्टार न्यूज होतं तेव्हा तिथे, मग एनडीटीव्ही, मग सीएनएन-आयबीएन, मग इंडिया टुडे. आपला नेहमीचा न्हावी दुकान सोडून दोन गल्ल्या पुढे खुर्ची टाकतो आणि आपण त्याच्या मागे जातो, तसं. आणि हो, अरेतुरे करतोय ते उद्धटपणाने नाही, टीव्हीवरच्या माणसाला आपल्या घरात अहोजाहो कोण करतं.

सुरुवात बाबांपासून झाली. आम्ही मूळचे कुडाळकडचे. बाबांनी पहिल्यांदा त्याला बघितलं आणि बातमी काय होती ते सोडून म्हणाले, "अरे, हो आपल्या दिलीप सरदेसायाचो झील मां?" म्हणजे क्रिकेटवाल्या दिलीप सरदेसाईंचा मुलगा ना. बस, त्या दिवसापासून तो घरचाच. बाबांचं दिलीप सरदेसाईंवर विलक्षण प्रेम, मडगावात जन्मलेला माणूस भारताकडून टेस्ट खेळतो म्हणजे काय असं ते म्हणायचे. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यातल्या ६४२ धावा, किंग्स्टनची २१२, हे आकडे ते जेवताना भात कालवता कालवता सांगायचे, आणि त्याच मालिकेत गावसकरने ७७४ केल्या म्हणून लोक आमच्या माणसाला विसरले ही त्यांची कायमची तक्रार. राजदीप स्वतः ऑक्सफर्डला कायदा शिकत असताना १९८७ मध्ये तिथल्या युनिव्हर्सिटीकडून फर्स्ट क्लास क्रिकेट खेळलाय, पण ते बाबांच्या लेखी काही नाही. पुढे त्याने अकरा भारतीय क्रिकेटपटूंवर पुस्तक लिहिलं आणि त्यात वडलांनाही घेतलं, ते मी बाबांना आणून दिलं तर त्यांनी फक्त तेवढंच प्रकरण वाचलं आणि पुस्तक परत केलं.

आता माल कसा आहे ते बोलू.

माझ्या मते या सर्व्हिसचा सगळ्यात चांगला काळ म्हणजे एनडीटीव्ही स्टार न्यूजसाठी बातम्या करायचं तो. तो १९८८ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात मुंबईला लागला, सहा वर्षं पेपरात काढली, म्हणजे ९२-९३ च्या दंगलीतली मुंबई त्याने बातमीदार म्हणून बघितलेली, आणि १९९४ ला टीव्हीत आला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पेपरातून आलेला माणूस आणि थेट कॅमेऱ्यासमोर जन्मलेला माणूस यात फरक पडतो. पेपरवाल्याला सवय असते की दिवसभर पन्नास जणांना भेटायचं आणि लिहायचं चारशे शब्द, आणि टीव्हीवाल्याला, निदान आजच्या, दोन जणांशी बोलून चाळीस मिनिटं काढायची असतात. तेव्हाच्या निवडणुका आठवा, ९६, ९८, ९९, चार वर्षांत तीन लोकसभा. वाजपेयींचं सरकार १९९९ च्या एप्रिलमध्ये एका मताने पडलं तेव्हा मी कॉलेजला दांडी मारून घरी बसलेलो, आणि त्या काळात हा कुठल्यातरी बंगल्याबाहेर धुळीत उभा राहून घाईघाईत बोलणार, वाक्य सुरू करणार, मधेच दुसरं वाक्य, पण शेवटी तुम्हाला कळायचं की कोण कोणाबरोबर जाणार आणि का. तो घाईघाईचा आवाज, किंचित चिरका, तो अजून तसाच आहे. कोणी त्याला सांगत कसं नाही मला कळत नाही, किंवा सांगून झालं असेल.

माझा एक मावसभाऊ मराठी चॅनलला कॅमेरामन होता, त्याच्यामुळे यातली आतली गंमत थोडी कळते. तो म्हणायचा की रिपोर्टर ओळखायचा तर त्याचा पीटीसी बघ, म्हणजे शेवटी कॅमेऱ्याकडे बघून बोलतात ना तो तुकडा. ज्याला काही माहिती नसतं तो विशेषणं वापरतो, ज्याला माहिती असते तो नावं घेतो, अमुक मतदारसंघ, तमुकचा मेहुणा, ढमुक समाजाची इतकी मतं. दुसरं म्हणजे बाईट, म्हणजे नेत्याच्या बोलण्याचा तुकडा, कुठे घेतलाय ते बघ. नेत्याच्या केबिनमध्ये एसीत बसून घेतलेला बाईट आणि जिन्यात गाठून घेतलेला बाईट, दोन्ही दहा सेकंदांचेच, पण जिन्यातल्याला घाम असतो. तेव्हा टेपा असायच्या, जागेवरून लाइव्ह दाखवणारी ओबी व्हॅन म्हणजे चैन, छोट्या गावात शूट केलं की टेप विमानतळापर्यंत पोचवायची धावपळ, त्यामुळे काय दाखवायचं ते आधी डोक्यात ठरवावं लागायचं. आता पाठीवरच्या बॅगेत सिम कार्डं टाकून कुठूनही लाइव्ह. मावसभाऊ म्हणतो, "लाइव्ह सोपं झालं आणि त्याच दिवशी रिपोर्टर मेला, कारण आता दिवसभर उभं राहून 'अजून काही झालेलं नाही' हेच सांगायचं." सिल्व्हर ओकच्या बाहेर, वर्षाच्या बाहेर, मातोश्रीच्या बाहेर आपली मराठी पोरं उन्हापावसात उभी असतात, बघतो ना आपण. गाडी गेली, गाडी आली, काच खाली झाली नाही.

तर त्या जुन्या पद्धतीत तयार झालेला हा माणूस आहे आणि ते अजूनही दिसतं. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही लोकसभा निवडणुकांवर त्याने जाडजूड पुस्तकं लिहिली. पहिलं माझ्याकडे आहे, स्टेशनवरून घेतलेलं, आणि त्यातली मजा विश्लेषणात नाहीये, मजा आहे ती तो कोणाला कुठे कधी भेटला त्यात. मोदींना तो पहिल्यांदा भेटला १९९० मध्ये, अडवाणींच्या रथयात्रेत, तेव्हा हा टाइम्सचा पोरगेला बातमीदार आणि ते गुजरातेत यात्रेची व्यवस्था बघणारे संघटनेतले माणूस. विचार करा, पुढे देशाचा पंतप्रधान होणाऱ्या माणसाला तो कोणी नसताना ओळखणं म्हणजे बातमीदारासाठी केवढी लॉटरी. आणि तरी पुढे काय झालं बघा.

२००२. गोध्रा २७ फेब्रुवारीला, मग दंगल, आणि स्टार न्यूजवर राजदीप आणि बरखा दत्त रस्त्यावरून दाखवत होते. चोवीस तास टीव्ही आल्यानंतरची ही पहिली एवढी मोठी दंगल. मला आठवतं आमच्या सोसायटीत तेव्हाच दोन गट झाले, एक म्हणायचा की हे दाखवलं नसतं तर आपल्याला कळलंच नसतं, दुसरा म्हणायचा की हे एकच बाजू दाखवतात. आज वीस-बावीस वर्षांनंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच दोन गट आहेत, माणसं तीच आहेत, फक्त केस गेलेत. राजदीपच्या करिअरवर या एका महिन्याचा शिक्का कायमचा बसला, त्याने नंतर काहीही केलं तरी अर्ध्या लोकांसाठी तो २००२ चाच. मला विचाराल तर ते काम चोख होतं, रिपोर्टरने तिथे असायला हवं होतं आणि तो होता. पण एक गिऱ्हाईक म्हणून हेही सांगतो की त्यानंतर गुजरातचा विषय निघाला की त्याच्या आवाजात काहीतरी बदलायचं, प्रश्नाच्या आधी निकाल यायचा, आणि ज्याला ते ऐकू येतं त्याचा विश्वास थोडा कमी होतो.

तरी २०१२ चा तो बसमधला इंटरव्ह्यू बघा. सप्टेंबर महिना, गुजरात विधानसभेच्या आधीची मोदींची विवेकानंद यात्रा, ते पुढच्या सीटवर आणि हा खाली बसच्या फ्लोअरवर बसून माइक वर धरून प्रश्न विचारतोय. तो फोटो ट्रोल लोकांनी इतका फिरवला, पायाशी बसला वगैरे. अरे, चालत्या बसमध्ये कॅमेऱ्याला फ्रेम मिळायला रिपोर्टर कुठे बसणार, टपावर? आणि खाली बसून त्याने २००२ बद्दल विचारलंच की. मला तो फोटो त्याच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा भारी वाटतो, पद्मश्री पण आहे ना त्याला २००८ ची, पण हा फोटो म्हणजे खरं काम. गरज पडली तर जमिनीवर बसायचं आणि विचारायचं ते विचारायचं.

मधला काळ जरा पटकन सांगतो. २००५ ला एनडीटीव्ही सोडून त्याने राघव बहलच्या टीव्ही१८ बरोबर सीएनएन-आयबीएन काढलं. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे त्याच घरातून लोकमतबरोबर ६ एप्रिल २००८ ला आयबीएन लोकमत सुरू झालं, निखिल वागळे संपादक. मराठीत रात्रीच्या चर्चेची सवय लागली त्यात त्या चॅनलचा वाटा मोठा आहे, चांगली म्हणा वाईट म्हणा. आमच्या बाबांनी तर इंग्लिश बघणं सोडून तेच लावायला सुरुवात केली, म्हणजे राजदीपच्याच एका दुकानातून उठून शेजारच्या दुकानात.

त्या काळातला एक मोठा डाग मात्र सांगायलाच हवा, कारण रिव्ह्यूत फक्त गोड लिहायचं नसतं. २२ जुलै २००८, अणुकरारावरून मनमोहन सिंग सरकारचा विश्वासदर्शक ठराव, आणि भाजपच्या तीन खासदारांनी लोकसभेत नोटांची पुडकी काढून दाखवली. त्या सगळ्या व्यवहाराचं छुपं चित्रण सीएनएन-आयबीएनकडे होतं. दाखवलं का? त्या दिवशी नाही. टेपा लोकसभा अध्यक्षांकडे दिल्या. चॅनलचं म्हणणं की पडताळणी पूर्ण झाली नव्हती. असेल, पत्रकारितेच्या नियमात ते बसतही असेल, अर्धवट टेप चालवून सरकार पाडणं हे चॅनलचं काम नाही हेही मान्य. पण त्या रात्री मी टीव्हीसमोर बसलो होतो आणि ज्याच्याकडे बातमी होती तोच चॅनल मला ती सोडून बाकी सगळं सांगत होता, हे मी विसरलेलो नाही. हॉटेलात बोर्डावर लिहिलेला पदार्थ मागितला आणि वेटर म्हणाला की तयार आहे पण देणार नाही, तर कसं वाटेल.

आता नऊ वाजताचा प्रकार. इथे माझा दुखरा बिंदू आहे. २००६ च्या सुरुवातीला टाइम्स नाऊ आलं आणि अर्णब गोस्वामीने नऊ वाजता जे काही सुरू केलं त्यानंतर सगळ्यांचंच दुकान बदललं. अर्णब आणि हा, दोघं एनडीटीव्हीतलेच. मालाचा भाव एकाने पाडला की बाजार पडतो तसं झालं. रिपोर्टर रस्त्यावर पाठवायला खर्च, हॉटेल, गाडी, कॅमेरा, आणि पाच-सहा प्रवक्ते आपापल्या घरून स्क्रीनवर आणायला जवळजवळ काहीच नाही. मग आठ खिडक्या, त्यात आठ तोंडं, आणि मधे राजदीप "वन मिनिट, वन मिनिट" करतोय. त्याला ते जमत नाही हे त्याचं कौतुक म्हणून सांगतो. त्याचा स्वभाव गप्पिष्ट माणसाचा आहे, हमरीतुमरीचा नाही, त्यामुळे तो ओरडतो तेव्हाही लग्नात केटररवर ओरडणाऱ्या मुलीच्या काकासारखा वाटतो, भीती कोणालाच वाटत नाही. आणि मधे मधे तोडायची सवय मात्र या खिडक्यांमुळे हाडात भिनली. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रणब मुखर्जींची मुलाखत घेताना तेच झालं, राष्ट्रपतीपदावरून नुकतेच उतरलेले प्रणबदा, आणि हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचा प्रश्न टाकतोय. म्हातारबाबांनी कॅमेऱ्यासमोर असं झापलं की मी घरात सावरून बसलो. माजी राष्ट्रपतीशी बोलतोयस, मधे तोडू नकोस, शिस्त पाळ, अशा अर्थाचं. पण याने ते कापलं नाही, चॅनलवर चालवलं, निमूट ऐकून घेतलं आणि सॉरी म्हणून पुढे गेला. आजच्या काळात किती अँकर ठेवतील हो स्वतःची बिनपाण्याने झालेली फायनल कॉपीमध्ये? त्या एका गोष्टीसाठी मी अर्धा स्टार वाढवतो.

तक्रारींचं पान आता उघडतो. बाबांचं त्याच्याबद्दल एक वाक्य होतं, दिलीप सरदेसाईंच्या हिशोबाने बोललेलं, "बाहेरचो बॉल कित्याक छेडता हो?" ऑफस्टंपच्या बाहेरचे बॉल म्हणजे ट्विटर. ९ नोव्हेंबर २०१४ ला पर्रीकर आणि सुरेश प्रभू केंद्रात मंत्री झाले तेव्हा याने ट्विट केलं की गोव्यासाठी मोठा दिवस, दोन जीएसबी (गौड सारस्वत ब्राह्मण) कॅबिनेटमध्ये, सारस्वत अभिमान. आयुष्यभर जातीवर मत देणाऱ्यांचं विश्लेषण केलेल्या माणसाने! बाबांना विचारलं तर ते गालात हसले, त्यांना आवडलं असावं, पण बॉल बाहेरचाच होता हे त्यांनीही कबूल केलं. त्याच्या थोडं आधी, सप्टेंबरमध्ये, न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनबाहेर मोदींच्या सभेला आलेल्या गर्दीबरोबर त्याची झटापट झाली, गर्दीने डिवचलं हे खरं, पण याचाही हात उठलेला व्हिडिओत दिसतो. डिवचणाऱ्या गर्दीसमोर माइक खाली करून निघून जायचं, हे त्याने आमच्या सिल्व्हर ओकबाहेरच्या पोरांकडून शिकावं.

आणि सगळ्यात महागात पडलेला बॉल म्हणजे २६ जानेवारी २०२१. दिल्लीत शेतकऱ्यांची ट्रॅक्टर रॅली, आयटीओजवळ एका तरुण शेतकऱ्याचा मृत्यू, याने पोलिसांच्या गोळीने गेला असं ट्विट केलं. पोलिसांनी ट्रॅक्टर बॅरिकेडला धडकून उलटल्याचा व्हिडिओ पुढे आणला, ट्विट काढावं लागलं, चॅनलने दोन आठवडे ऑफ एअर केलं. पुढे वेगवेगळ्या राज्यांत एफआयआर, त्यात शशी थरूर आणि आणखी काही पत्रकारही, आणि शेवटी सुप्रीम कोर्टाने अटकेला स्थगिती दिली. एफआयआर करणं मला पटलं नाही, चुकीच्या बातमीला पोलीस स्टेशन हा इलाज नव्हे. पण चूक ती चूकच. तीसेक वर्षं ज्याने डेस्कवर बसून पोरांना दोन सोर्स विचारले असतील त्याने एवढ्या पेटलेल्या दिवशी स्वतः थांबायला नको? त्या दोन आठवड्यांत नऊ वाजता टीव्ही लावला की सवयीने त्याच चॅनलवर बोट जायचं, आणि राग आलेला असूनही तो दिसत नाही म्हणून चुकल्यासारखं वाटायचं, आता याला काय म्हणायचं.

याच्या बरोबर उलटं उदाहरण म्हणजे सुशांतसिंग राजपूतच्या मृत्यूनंतरची, ऑगस्ट २०२० मधली रिया चक्रवर्तीची मुलाखत. सगळे चॅनल त्या मुलीला आधीच फासावर देऊन बसले होते, आमच्या घरात पण बायको आणि तिची बहीण रोज नवीन थिअरी, आणि याने तिला समोर बसवून तासाभराहून जास्त प्रश्न विचारले, जे तिच्यावर आरोप होते ते सगळे एकेक करून. लोक म्हणाले पीआर केलं. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने केस बंद करायचा रिपोर्ट दिला, घातपात सापडला नाही. बायकोला मी ते वाचून दाखवलं तर म्हणाली, "मी कधी काही बोलले होते?" असो.

महाराष्ट्राच्या बातम्यांसाठी ही सर्व्हिस घ्यावी का? खरं सांगायचं तर नको. मुंबईत वाढलेला, मराठी समजणारा, मराठी नेता समोर असला की मधेच मराठीत शिरणारा, इथल्या पुढाऱ्यांना तो नीट ओळखतो, पण बसतो दिल्लीत. तसं २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी कोणाचंच काही चाललं नाही म्हणा, पेपरात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार आणि टीव्हीवर राजभवनात फडणवीस आणि अजितदादा शपथ घेतायत, दिल्लीवाले काय आणि मुंबईवाले काय, सगळे दात घासता घासता पकडले गेले. पण एरवी विदर्भात कापसाचा भाव किती आणि मराठवाड्यात मराठा-ओबीसी काय चाललंय ते मराठी चॅनलच्या तालुक्याच्या स्ट्रिंगरला, म्हणजे बातमीमागे पैसे मिळणाऱ्या बातमीदाराला, जास्त कळतं, ज्याला स्टोरीमागे किती मिळतात ते मी लिहिलं तर तुमचा विश्वास बसणार नाही म्हणून लिहीत नाही. निवडणुकीत मात्र तो फिरतो. इलेक्शन्स ऑन माय प्लेट म्हणून त्याचा कार्यक्रम असतो, गावोगाव जाऊन नेत्यांबरोबर आणि लोकांबरोबर तिथलं खाणं खात राजकारण बोलायचं. ऐकायला थिल्लर वाटतं पण जेवताना माणूस खोटं कमी बोलतो हे आपल्याकडे पंगतीत बसलेल्या कोणालाही माहीत आहे. तोंडात घास असलेला नेता प्रवक्त्याची भाषा बोलूच शकत नाही. आणि राजदीपही त्यात खुलतो, खिडक्यांत दमलेला माणूस वेगळा आणि हा खात-पीत हसणारा वेगळा. मला विचाराल तर वर्षाचे बाराही महिने त्याला असाच सोडायला पाहिजे.

आणि निकालाचा दिवस. त्या दिवसासाठी मी पैसे मोजायला तयार आहे. सकाळी आठपासून हा माणूस पोराच्या उत्साहाने बसतो, साठी ओलांडलेला माणूस आणि पोस्टल बॅलट उघडल्यावर जत्रेला निघाल्यासारखा चेहरा. राज्य कुठलंही असू दे, बूथच्या पातळीवरची जुनी आठवण बाहेर येते, इथे ९८ ला असं झालं होतं, तिथे त्याचे वडील उभे होते. ४ जून २०२४ बघितलात का? ॲक्सिस माय इंडियाच्या प्रदीप गुप्तांनी एक्झिट पोलमध्ये एनडीएला ३६१ ते ४०१ जागा दिलेल्या. २०१९ ला ३३९ ते ३६५ म्हणाले होते आणि ३५३ आल्या, तेव्हा डोक्यावर घेतलं होतं सगळ्यांनी. या वेळी दुपारपर्यंत एनडीए २९० च्या आसपास अडकली, शेवटी २९३, भाजप २४०. आणि गुप्ता स्टुडिओतच रडायला लागले, लाइव्ह. दुसरा कुठला अँकर असता तर कॅमेरा झूम करून प्रश्न विचारत बसला असता. राजदीप त्यांच्याजवळ गेला, खांद्यावर हात ठेवला, धीर दिला. सकाळपासून मीच घरात या गुप्तांना शिव्या घालत होतो, तो हात बघून गप्प झालो. तसं बघायला गेलं तर तीन दिवस आधी त्याच स्टुडिओत तेच आकडे गाजावाजा करून दाखवले होते, त्याचा जाब कोणी द्यायचा हा प्रश्न उरतोच, पण तो हात खोटा नव्हता.

बाबा त्याआधीच गेले, त्यामुळे हे त्यांनी बघितलं नाही. त्यांना आवडलं असतं.

तर स्टार द्यायचे झाले तर निवडणुकीच्या दोन महिन्यांना पाचपैकी साडेचार, एकास एक मुलाखतींना चार (मधे तोडतो म्हणून एक कापला), पुस्तकांना साडेतीन, खिडक्यांवाल्या चर्चेला दीड, आणि ट्विटरला शून्य देता येत नसेल तर एक. केबलवर मी तो चॅनल ठेवला आहे, बायकोने बदल्यात एक सिरियलचा चॅनल वाढवून घेतला. नवीन घेणाऱ्यांनी पैसे भरायच्या आधी मुलाचं ऐका, यूट्यूबवर आठवडाभर बघा, नऊ वाजता लावून फक्त पहिली दहा मिनिटं ऐका, तिसरी खिडकी उघडली की म्यूट करून भांडी लावायला उठा. आवाज अठराच्या वर नेऊ नका, वरच्या पट्टीत तो जरा कानाला लागतो.